आरा मशीन बंद होती

आबा,

परवा करमाडच्या पुढं एका शेडमध्ये जुनी आरा मशीन बघायला गेले होते. तुम्ही असता तर आधी विचारलं असतं, तुला कशाला पायजे? शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी घरामागच्या पत्र्याच्या खोलीत बालवाडीच्या पोरांसाठी लाकडाचे प्राणी कापते. हातकरवतीनं हत्तीची सोंड वळवता वळवता खांदा भरून येतो, म्हणून एक मशीन घ्यायची ठरवली. शहरातल्या दुकानात टेबलावर मावेल अशी छोटी नवी होती. शेडमधली माणसापेक्षा उंच, बिडाच्या जड लोखंडी चाकांची, कुठल्याशा बंद पडलेल्या फर्निचर कारखान्यातली. "ताई, नव्यात काय दम नाय," शेडवाला म्हणाला. "हे लोखंड बघा." माझ्या नवऱ्यालाही मोठीच आवडली. मी मात्र दोघांच्या मागंच उभी होते. वखारीतल्या त्या दिवसानंतर मी कुठल्याच आरा मशीनजवळ गेले नव्हते.

तो दिवस तुम्हाला सांगायची गरज नाही, तरी सांगते. मी तेरा वर्षांची. वखारीत तुमचा डबा घेऊन आले. शेजारी रंधा मशीन किंचाळतेय, बोललेलं ऐकू येत नाही. मला बघून तुम्ही आऱ्याचं बटण बंद केलंत. ते मी डोळ्यांनी पाहिलं. पातं उभं, स्थिर. डबा ठेवायला मी टेबलावरचा भुसा हातानं सारायला गेले, आणि तुमच्या हातातली सागाची पट्टी माझ्या मनगटावर बसली. हाड मोडलं. दवाखान्यात तुम्ही एकदाच म्हणालात, "पोरी, पातं फिरत व्हतं." मी सगळ्यांसमोर ओरडले, "खोटं! मशीन बंद होती. मी पाहिलंय." त्यानंतर तुम्ही त्याबद्दल एक शब्दही काढला नाहीत. आई महिनाभर तुमच्याशी बोलली नाही. गल्लीत सगळ्यांना ठाऊक झालं की या माणसानं डबा घेऊन आलेल्या पोरीचा हात मोडला. लग्न ठरताना नवऱ्यालाही मी तेच सांगितलं होतं.

शेडवाल्यानं मशीन चालू केली. एक फळी कापून दाखवली, बटण बंद केलं. मोटारीचा आवाज बसला. शेडच्या पत्र्यावर कोणीतरी हातोडा मारत होतं, त्यात बाकी काही ऐकू येईना. पातं उभं, स्थिर. नवरा पुढं झाला आणि कापलेली कड किती साफ आहे ते बघायला त्यानं हात घातला. मी पात्याकडं बघत होते. त्याचे दात दिसत नव्हते. थांबलेल्या पात्याचे दात दिसतात, आबा. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, पण त्या क्षणी कळलं. ओरडले असते तरी हातोड्याच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नसतं. मी दोन्ही हातांनी त्याचा शर्ट मागून धरला आणि सगळ्या ताकदीनं ओढला. तो पाठीवर आपटला. त्याचं डोकं फळ्या टेकवायच्या लोखंडी घोडीला लागलं, रक्त आलं.

"वेड लागलं का तुला? मशीन बंद आहे!" तो खालूनच ओरडला.

मी तिथली एक काडी उचलली आणि पात्याला लावली. टक् करून तिचा तुकडा उडाला. शेडवाला खजील झाला. "चाकं जड हायेत ना ताई, बंद केल्यावर जराशी फिरत ऱ्हातेत." नवरा डोकं धरून त्या काडीकडं बघत राहिला. परतताना गाडीत त्यानं हळूच विचारलं, "तुझ्या वडिलांनी पण..."

छोटी नवी मशीनच घेतली. दुकानदाराला एकच विचारलं, बंद केल्यावर थांबायला किती वेळ लागतो? तो म्हणाला, हे आजवर कोणी विचारलं नाही. मग तिथंच चार वेळा चालू-बंद करून पाहिली, दात दिसेपर्यंत मोजत.

हे पत्र कुठं टाकणार? वहीतच राहील. पण एक सांगायचं राहिलंय. थंडी पडली की तुम्ही दरवर्षी विचारायचात, "हात दुखतो का गं?" मी म्हणायचे, व्हय. तुम्ही मान खाली घालायचात. शेवटच्या थंडीतही विचारलंत, आणि मी तेच म्हणाले.

प्लॅस्टर निघाल्यानंतर तो हात एकदाही दुखला नाही, आबा.