खुणेखाली दोन बोटे

मुलुंड (पूर्व),
रविवार, ७ जून

प्रिय शेवंती,

या पत्रात मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे : शनिवार, तेवीस मे रोजी संध्याकाळी, माझ्या गॅलरीत, मी तुझ्यावर कोणताही आरोप केलेला नाही. तू तो स्वतःवर ओढवून घेतलास, माझी किल्ली टीपॉयवर ठेवलीस, सहा वर्षांनी मला पुन्हा ‘मॅडम’ म्हणालीस आणि चार दिवसांत तळमजल्याच्या घराला कुलूप लावून मुलाकडे, नितेशकडे, विक्रोळीला निघून गेलीस. त्यानंतर मी सात वेळा फोन केला. दोनदा तुझ्या सुनेने उचलला. सकाळी अकराला श्वेता म्हणाली, ‘आई झोपल्यात.’ संध्याकाळी सहाला म्हणाली, ‘आई झोपल्यात.’ महापालिकेच्या हॉस्पिटलात पस्तीस वर्षे नर्स म्हणून पाळ्या केलेली बाई दिवसातून दोनदा अशी झोपते, हे विधान मी स्वीकारू शकत नाही. म्हणून लिहिते आहे. पत्राला झोपेची सबब सांगता येत नाही.

प्रथम ज्यावर आपले एकमत आहे, तेवढे मांडते. माझा मुलगा देवव्रत मार्चमध्ये आला तेव्हा त्याने ती व्हिस्की विमानतळावरून आणली. चार शनिवार आपण दोघींनी प्रत्येकी तीस मिली घेतली, तीही तुझ्या खोकल्याच्या औषधाच्या मापाने. त्या मापाबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. तक्रार बर्फाबद्दल होती. व्हिस्कीत चमचाभर पाणी पुरते, बर्फाने तिची चव बधिर होते, हे मी पुस्तकाच्या आधारे सांगत राहिले आणि तू स्टीलच्या वाटीत पाणी गोठवून तो मुठीएवढा खडा माझ्याच पेल्यात टाकत राहिलीस. ‘गो, बाहेर छत्तीस डिग्री आणि अंगाला घामाचा चिकटा. पुस्तक लिवणारो मुलुंडात बसलेलो काय?’ हे तुझे प्रत्युत्तर तर्काला धरून नव्हते. मात्र मोठा खडा सावकाश विरघळतो, पेय थंड राहते आणि पाणचट होत नाही, हे मला अनुभवाने मान्य होते. मी ते बोलून दाखवले नाही, एवढेच.

हा रिवाज कसा सुरू झाला, तेही सांगते, कारण पुढच्या युक्तिवादाला त्याची गरज पडणार आहे. नंदकिशोर गेले आणि मी घरात एकटी उरले, त्यानंतरचा तो पहिला उन्हाळा. तू माझा रक्तदाब बघायला वर आलीस. कपाटात त्यांची अर्धी बाटली तशीच होती आणि ती मोरीत ओतून टाकायला माझा हात होत नव्हता. हिचे काय करू, असे मी तुला विचारले. गिरणी बंद पडल्यावर तुझ्या नवऱ्याने, सीतारामने, दारू कशी जवळ केली आणि ती त्याला कुठवर घेऊन गेली, हे त्या दिवशी तू मला प्रथम सांगितलेस. आणि मग तूच म्हणालीस, ‘दोघी बसान घेव. पण एकट्यान पिऊची नाय गो. एकट्यान पिणारो एक बघलंय मी, पुरे झालो.’ तो तुझा नियम झाला. सहा वर्षांत तो एकदाही मोडला नाही. नितेशच्या लग्नात कोणीतरी मागच्या खोलीत तुझ्या हातात पेला दिला, तो तू तसाच परत आणून टेबलावर ठेवलास. मी तिथे होते. आपले ठरलेले : शनिवार, सहा वाजता, गॅलरी. मला शेंगदाणे, तुला वेगळ्या ताटलीत भाजलेले सुके बोंबील, आणि दोघींत मिळून एक कैरी, तिखटमीठ लावून.

आता साठवणीचा प्रश्न. एकोणीस एप्रिलला मी लेकीकडे, स्वरदाकडे, बंगळूरला निघाले, महिन्याभरासाठी. माझे घर तिसऱ्या मजल्यावर, झोपण्याची खोली पश्चिमेला. दुपारी तीननंतर भिंतीला हात लावला तर चटका बसतो. देवव्रतने फोनवर सांगितले होते की, व्हिस्कीला ऊन आणि उष्णता दोन्ही वर्ज्य; बूच सैल असेल तर ती उन्हाळ्यात उडूनही जाते. फ्रिजमध्ये ठेवणे शक्य नव्हते, कारण सोनूबाई स्वयंपाकाला येते आणि तिला दिसले की इमारतीला दिसले. म्हणून मी विचार केला : उष्ण हवा वर जाते, त्याअर्थी लोखंडी कपाटाचा सर्वांत खालचा खण सर्वांत थंड. त्या खणात बाटली उभी मावत नव्हती. परंतु वाइनच्या बाटल्या आडव्या ठेवतात, म्हणजे बूच ओले राहते आणि सुकून सैल होत नाही. तेव्हा मी ती नंदकिशोरांच्या मरून शालीवर आडवी ठेवली. यातली प्रत्येक पायरी विचारपूर्वक टाकलेली होती. आणि बाटली खणात ठेवण्यापूर्वी तिच्या लेबलवर व्हिस्कीच्या पातळीशी मी पेन्सिलीने एक बारीक रेघ ओढली. हेतू शास्त्रीय होता. उष्णतेने किती उडते, ते मोजण्याचा.

तेवीस मेला, मी परत आले त्या दिवशी, काय झाले, ते तुला ठाऊक आहे. पण ते तुझ्या आठवणीत जसे बसले आहे तसे घडले नाही, असे माझे म्हणणे होते. मी कपाट उघडले तेव्हा आत व्हिस्कीचा वास कोंडलेला होता. कोणीतरी बाटली उघडल्याशिवाय असा वास येणार नाही, असे मी मनाशी म्हटले. गॅलरीत ती उभी करून उजेडात धरली. व्हिस्की खुणेखाली दोन बोटे होती. तू बूच काढायला गेलीस तर त्याचा अर्धा तुकडा तुझ्या हातात आला आणि बाकीचा भुसा आत पडला. ‘बूच बघ गो, कुजलासा,’ म्हणत तू चहाची गाळणी आणायला उठलीस. मी बूच पाहिले नाही. मी रेघ पाहत होते. मग मी म्हणाले, आणि माझे शब्द मला अक्षरशः आठवतात : ‘शेवंती, मी कोणताही निष्कर्ष काढत नाही. व्हिस्की खुणेखाली दोन बोटे आहे आणि किल्ली एकाच व्यक्तीकडे होती. एवढी दोनच विधाने मी करते.’ दोन्ही विधाने सत्य होती. तू गाळणी हातात धरून उभी होतीस. विचारलेस, ‘कसली खूण?’ मी लेबल दाखवले. त्यावर तू रागावली नाहीस, रडली नाहीस, याचाच मला अधिक त्रास झाला. कमरेची किल्ली काढून ठेवलीस आणि म्हणालीस, ‘मॅडम, ही तुमची चावी. तुळशीला सकाळी पानी घातलंय. ता मोजून घेवा.’

मी चिडले होते. त्या संध्याकाळी मी ठरवले की, हे प्रयोगानेच तडीस न्यायचे. ती बाटली, उरलेल्या बुचासह, पुन्हा त्याच खणात आडवी ठेवली. या वेळी शाल काढून खाली पांढरा कागद पसरला. नवी रेघ ओढली. चौदा दिवस घराची किल्ली फक्त माझ्याजवळ होती. सोनूबाईलाही मी समोर असल्याखेरीज आत घेतले नाही. मला अपेक्षा होती की पातळी हलणार नाही आणि माझी दोन विधाने उजळ माथ्याने उभी राहतील. मध्ये देवव्रतचा फोन आला. मी आडव्या बाटलीचे सांगताच तो हसायलाच लागला. ‘आई, ती वाइन नाही! व्हिस्की बूच खाऊन टाकते. उभीच ठेवायची असते.’ एवढे महत्त्वाचे वाक्य मुलाने मार्चमध्येच उच्चारायला काय हरकत होती, ते मला कळत नाही. काल खण उघडला. कागदावर बशीएवढे तपकिरी वर्तुळ होते. व्हिस्की नव्या खुणेखाली गेली होती. मग शाल उजेडात नेली. मरून रंगावर डाग दिसत नाही, पण लोकर कडक झाली होती आणि वास अजून होता. तुझ्या ओठाला न लागलेली दोन बोटे व्हिस्की माझ्या नवऱ्याच्या शालीने प्यायली होती.

इथे मी थांबू शकले असते. बाटली आडवी ठेवणे ही माझी चूक, असे लिहून, खाली सही करून, हिशेब मिटला असे म्हणता आले असते. काल रात्री मी तसे पत्र लिहिलेही होते. आज सकाळी ते फाडले, कारण त्यात एक पायरी गाळलेली होती आणि विद्यार्थ्याने ती गाळली असती तर मी गुण कापले असते. ती पायरी अशी. रेघ उष्णतेने उडणारी व्हिस्की मोजण्यासाठी होती, तर पातळी खाली गेलेली पाहताच मी म्हणायला हवे होते, ‘बघ, उडाली.’ तो विचार माझ्या मनात आलाच नाही. ज्या कारणासाठी मोजमाप करायचे तेच कारण मोजताना आठवू नये, याचा अर्थ ते कारण नव्हते. मग मी अठरा एप्रिलची संध्याकाळ आठवू लागले. तू माझ्याकडून किल्ली घेतलीस आणि जाता जाता म्हणालीस, ‘बाटली माझ्याकडे ठेव गो. तळमजल्याक थंड आसता, उभी ऱ्हवात.’ मी म्हणाले, नको. तू गेल्यावर दार लावले, आणि पेन्सिल शोधली. त्याच संध्याकाळी, शेवंती. तुझा नियम मला ठाऊक होता. तो पाळताना मी तुला डोळ्यांनी पाहिले होते. तरी मी पेन्सिल शोधली.

हे सर्व आज का लिहिते, तेही सांगते. गेल्या रविवारी नितेश एका गृहस्थाला तुझे घर दाखवत होता. गृहस्थ टेप घेऊन खिडक्या मोजत होते. जिन्यात भेटला तेव्हा नितेश माझ्याकडे न पाहता म्हणाला, ‘आईला इथे आता करमत नाही, काकू. अकरा तारखेला, गुरुवारी, करार करतोय.’ हे पत्र मी गुरुवारी त्याच्याच हाती देईन, करारावर सही होण्याआधी. सोबत माझ्या घराची किल्ली आहे. बाटली स्वयंपाकघराच्या ओट्याखाली उभी आहे, तिला नवे बूच लावले आहे आणि लेबल मी भिजवून काढून टाकले आहे. ती मी उघडणार नाही. एकटीने प्यायची नाही, असा नियम आहे. वाटीत पाणी गोठवून ठेवले आहे. जे सिद्ध करायला मी बसले होते, ते सिद्ध झालेले नाही. त्याऐवजी खालील गोष्ट लिहून देते.

बाटलीवरची खूण मी केली. ती उन्हाळ्यासाठी नव्हती, तुझ्यासाठी होती. व्हिस्की एक थेंबही कमी झाली नसती, तरी आरोप त्या रेघेतच झालेला होता. चूक एवढी एकच, आणि ती माझी.

तुझीच,
मृणालिनी