सालीसकट ओंडके

ओस्टरवेर्ड,
१२ ऑक्टोबर २००३

प्रिय रिन्स्के,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं असशील. वर्गात आपण एकाच बाकावर बसायचो, तेव्हा तू माझ्या 'र'ला बदक म्हणायचीस. तो अजून तसाच आहे. बाकी गावात बरंच बदललं. पावाच्या दुकानात आता मालकिणीची सून बसते, सासूपेक्षा बोलकी नि पाव मात्र कच्चे. तुमच्या घराला नव्या माणसांनी निळा रंग दिलाय. मला आवडत नाही, पण मला कोण विचारतंय!

समुद्राचा बांध अजून झाडांविना उघडाच आहे. मधल्या काळात तिथे पॉप्लर लावून पाहिले, मॅपल लावून पाहिले. खारा वारा दोन हिवाळ्यांत त्यांची वाट लावतो. तो वारा सोसावा तर एल्मनेच. तुझे बाबा, माझे सिब्रेनकाका, म्हणायचे, "एल्मला वाऱ्याशी भांडायला आवडतं, आपल्या पाद्रीबाईंसारखं."

गावाची झाडं सिब्रेनकाका सांभाळायचे, त्यांच्या हाताखाली बांधावर चौसष्ट एल्म होते. शेजारच्या गावांत एल्मचा रोग आला तेव्हा ते दारोदार जाऊन सांगत होते, "एल्मचं सालीसकट लाकूड कुणी घरी ठेवू नका. सालीत भुंगेरे असतात, ते रोगाची बुरशी अंगावर घेऊन उडतात." अठ्ठ्याहत्तरच्या शरदात बांधाच्या टोकाचं एक झाड इतरांच्या आधीच पिवळं पडलं, ते त्यांनी त्याच आठवड्यात पाडलं. ओंडके जाळायला म्हणून गाडीतळाजवळ रचले होते.

त्यातले मी नेले, रिन्स्के. भरदुपारी, सगळे जेवायला गेले असताना, हातगाडीच्या तीन खेपा. तो हिवाळा तुला आठवतच असेल, बर्फाने दार उघडेना. आईचं छातीचं दुखणं वाढलं होतं, आमची शेगडी रोज दुपारपर्यंत विझायची. मला वाटलं, महिनाभरात सगळं जळून जाईल, कुणाला काय कळणार. शेळ्यांच्या गोठ्यामागे ताडपत्रीखाली ठेवले. फेब्रुवारीत तुझे बाबा घसरगाडीवरून विलोचं लाकूड घेऊन आले, एकेक ओंडका सोललेला. आईला म्हणाले, "वहिनी, हे आधी जाळा." माझ्याकडे पाहिलंही नाही. ते लाकूड संपेपर्यंत थंडी ओसरली, नि माझे चोरीचे ओंडके अर्धे तसेच राहिले.

मे महिन्यात ताडपत्री काढली तर सालीला टाचणीने पाडावीत तशी भोकं. साल ओढली तर खाली गोमेसारखी नक्षी, मधे एक रेघ नि दोन्ही बाजूंना पाय. भुंगेरे उडून गेले होते. उरलेले ओंडके मी तिथल्या तिथे जाळले नि तोंड मिटून घेतलं. जुलैत बांधावरच्या चौथ्या झाडाचे शेंडे सुकून आकड्यासारखे वाकले. तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत एकही झाड उरलं नाही.

पुढचं मी तुला काय सांगू? गावसभेने तुझ्या बाबांना कामावरून काढलं. पावाच्या रांगेत कुणीतरी म्हणालं, "काय सिब्रेन, झाडांबरोबर तुलाही झोप लागली होती वाटतं?" काका एवढंच म्हणाले, "माझ्या नजरेतून सुटलं असेल." मी तिसरी उभी होते. पिशवीत पाव घेतले नि घरी गेले. वसंतात तुम्ही गाव सोडलंत. निरोप द्यायला मी आले नाही, म्हणून तू रागावलीस. राग बरोबरच होता, कारण मात्र तुला ठाऊक नव्हतं.

त्याच वर्षी मी रोपवाटिकेत कामासाठी अर्ज केला. तिथे रोगाला पुरून उरणारा एल्म घडवायचं काम चाललं होतं. मार्चमध्ये, पानं फुटायच्या आधी, ब्रशने एका झाडाचे पराग दुसऱ्याच्या फुलांवर लावायचे. मेमध्ये बी पेरायचं. रोपं चार वर्षांची झाली, की जूनमध्ये सुईने एकेकाच्या खोडात बुरशी घालायची. आपणच वाढवायचं नि आपणच आजारी पाडायचं. पहिल्या वर्षी मी शेडमागे जाऊन रडायचे. तीन आठवड्यांत पानं सुकली, की उपटून जाळायचं. अकराशेंतून चार रोपं जगली, त्यातली तीन वाऱ्याने मोडली. उरलेल्या एकाला मी पाच वेगवेगळ्या उन्हाळ्यांत रोग दिला. एकदा एक फांदी पिवळी पडली तेव्हा मला दोन दिवस अन्न गेलं नाही. फांदी वाळली, झाड राहिलं. आता त्याची कलमं माझ्या दुप्पट उंच झालीत.

आमचे साहेब निवृत्त होताना त्यांनी मला माझी जुनी फाइल दिली. त्यात तुझ्या बाबांनी माझ्यासाठी लिहिलेलं शिफारसपत्र होतं. मला त्याचा पत्ताच नव्हता. दोनच ओळी: "मुलगी कष्टाळू आहे. सालीसकट लाकडाने काय होतं, हे तिच्याइतकं कुणाला कळलेलं नाही." म्हणजे त्यांना ठाऊक होतं, रिन्स्के. रांगेत उभे असतानाही ठाऊक होतं. तुझे बाबा गेल्याचं मला कळलं, तेव्हा त्यांच्या अंत्यविधीला मी तुमच्या गावी आले होते. चर्चच्या शेवटच्या बाकावर बसले नि तू वळायच्या आत निघून गेले.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. नोव्हेंबरात बांधावर या एल्मची बारा झाडं लागणार आहेत. जातीला नाव द्यायचंय. सगळे म्हणतात माझंच नाव, 'हिल्के', ठेवा. मी 'सिब्रेन' सांगितलं. त्यासाठी त्यांच्या घरच्यांची, म्हणजे तुझी, सही लागते. कचेरीतला कारकून म्हणाला, "अहो बाई, नुसता कागद पाठवा, सही करतील की." कागद सोबत आहे. पण तुला हे न सांगता त्यावर तुझी सही घेणं म्हणजे चौथी खेप झाली असती. तू सही कर किंवा कागद फाडून टाक. तुझ्या बाबांच्या नजरेतून काही सुटलं नव्हतं, ओंडके मी नेले होते, हे मी येत्या मंगळवारी गावसभेत उभी राहून सांगणार आहे. गावाने ते तुझ्याआधी ऐकू नये, एवढीच घाई होती.

अजूनही म्हणू दिलंस तर,
तुझीच
हिल्के