मामाच्या हातचा अ‍ॅम्प

४ फेब्रुवारी

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन महिना झाला आणि उत्तर आज लिहिते आहे, तेही काम निघालं म्हणून. भाची गरजेपुरती आठवण काढते असं मामी म्हणेल. म्हणू दे, ते काही खोटं नाही.

इकडे सगळं ठीक. आमच्या चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं नवं मशीन आलंय. मालकांना ते चालवता येत नाही आणि आम्हाला ते हात लावू देत नाहीत. त्यामुळे मशीन चादर पांघरून झोपलेलं असतं आणि मी जुन्यावरच काचा घासते.

आता काम. नव्या वाचनालयाच्या उद्घाटनाला, १२ एप्रिलला, आमच्या बँडचा कार्यक्रम ठरलाय. तीनशे खुर्च्यांचं सभागृह आहे. टायरच्या दुकानावरच्या खोलीत दर शनिवारी सराव चालतो, आणि दर शनिवारी एकच तक्रार असते, की माझी बेस गिटार ऐकू येत नाही. आमची गायिका, ती दातांची डॉक्टर, म्हणते की तिला पायाखाली जमीनच लागत नाही. ड्रमवाल्याने तर वर्षभर ड्रमवर घरचं जुनं पांघरूण टाकलंय, माझा आवाज दबू नये म्हणून. शेवटी की-बोर्डवाल्या गणिताच्या मास्तरांनी फळ्यावर तक्ताच मांडला. एक छोटा हलका अ‍ॅम्प, एक दोन स्पीकरचा, आणि एक चार स्पीकरचा, कपाटाएवढा. सराव आणि कार्यक्रम दोन्हींना चालेल असा एकच घ्यायचा आहे. तू दिलेला अ‍ॅम्प आता थकला असावा असं सगळ्यांचं मत पडलं, आणि मीही मान हलवली. तर कोणता घ्यावा ते कळव.

मामीला नमस्कार. उशीर माफ करून माया आहे तेवढीच राहू दे.

तुझी,
खारूताई

---

११ फेब्रुवारी

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मामीने मोठ्याने वाचलं. 'थकला असावा' हे दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा माझ्याकडे बघितलं.

आधी तुझा प्रश्न. बेसला गिटारपेक्षा दुप्पट-तिप्पट ताकद लागते, कारण जाड सूर काढायचा तर स्पीकरला हवा जास्त ढकलावी लागते. छोटा अ‍ॅम्प घरी एकटीने रियाज करायला ठीक, ड्रमपुढे त्याचा टिकाव लागणार नाही. चार स्पीकरचं कपाट सभागृहात शोभेल, पण तुमचा जिना किती पायऱ्यांचा आहे ते लिहिलं नाहीस. अ‍ॅम्प निवडायला जाताना लोक कान बरोबर नेतात आणि कंबर घरी ठेवतात. घ्यायचाच तर दोन स्पीकरचा घ्या. मागून एक वायर सभागृहाच्या साउंडवाल्याला दिलीत की तीनशे काय, हजार माणसांना ऐकू जाईल.

पण घेऊ नका. माझा अ‍ॅम्प दीडशे वॅटचा आहे आणि त्याचा स्पीकर पंधरा इंची. टायरच्या दुकानावरच्या खोलीत तो पाचवर ठेवला तर खाली टायर उड्या मारायला हवेत. ऐकू येत नसेल तर आत काहीतरी बिघडलंय. मामीच्या कपाटाच्या फळ्या काढून मी ती पेटी केली होती, त्यावरून महिनाभर आमचं बोलणं बंद होतं. चाळीस वर्षांत दुरुस्तीच्या दुकानात रेडिओ-अ‍ॅम्पचे हजारो सेट उघडले, पण पहिल्या तारेपासून माझ्या हातचा असा तो एकच. तो तुला दिला आणि तोच कमी पडतोय म्हणजे मला चैन पडायचं नाही. पाठवून दे. आणि व्हॉल्यूम किती आकड्यावर ठेवतेस ते खरं खरं लिही.

माया आहे, ती वॅटमध्ये मोजता येत नाही म्हणून लिहीत नाही.

तुझा,
मामा

---

१९ फेब्रुवारी

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

ड्रमवाला दिवसा बस चालवतो, त्याच्या ओळखीच्या टेम्पोवाल्याबरोबर अ‍ॅम्प पाठवला आहे. गोधडीत बांधलाय. जिना बावीस पायऱ्यांचा, तू विचारलंस म्हणून आज मोजला.

खरं तर एवढा त्रास घेऊ नकोस. जुनी वस्तू आहे, कधीतरी दमणारच, त्यात कुणाचा दोष नाही. मास्तरांनी नव्याचं जवळजवळ ठरवलंच आहे.

व्हॉल्यूम सातवर असतो. कधी आठवर.

मामीचे गुडघे कसे आहेत? लोभ असू दे, आत्ता मला त्याची गरज आहे.

तुझी,
खारूताई

---

४ मार्च

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

तुझा अ‍ॅम्प आज परत रवाना केला. नऊ दिवस टेबलावर होता. दोन गिऱ्हाइकांचे सेट बाजूला ठेवून आधी तुझा घेतला.

दोष सापडला नाही हे आधीच सांगतो. तरी जुने कपॅसिटर बदलले, स्पीकरचा कागद नवा चढवला, सोल्डरचा एकेक टाका पुन्हा मारला. मग सातवर ठेवून मी स्वतः वाजवला. मामीला आधी गल्लीच्या टोकाला उभं केलं, मग रस्त्यापलीकडे. तिला दोन्हीकडून ऐकू आलं. समोरच्या शिंपिणीला तर इतकं ऐकू आलं की ती कात्री हातात घेऊनच भांडायला आली.

मला तरी आवाज भरपूर वाटला. पण मी एकोणसत्तर वर्षांचा, आणि मामीला माझ्यासाठी चांगलं बोलायची खोड आहे. तुम्ही पाच-सहा जण तरुण कानांचे. शनिवारी वाजवून बघा आणि काय ते लगेच कळव. मी वाट बघतो.

आशीर्वाद आहेतच.

तुझा,
मामा

---

१५ मार्च

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

अ‍ॅम्प सुखरूप मिळाला. पेटीला पॉलिश केलंस, ते सगळ्यांना फार आवडलं.

शनिवारी सराव झाला. डॉक्टर म्हणाली की तिला फरक वाटत नाही. मास्तर म्हणाले की दुरुस्त करणाऱ्याने मनापासून केलंय हे दिसतं, पण शेवटी वय झालं की व्हायचंच. ते अ‍ॅम्पबद्दल म्हणाले. दोष खोलीचाही असेल, भिंती पातळ आहेत. तू मनाला लावून घेऊ नकोस. २९ तारखेला, रविवारी, सगळे मिळून नवा आणायला जाणार आहोत.

जास्त लिहवत नाही. दुकानात काम फार आहे.

तुझी,
खारूताई

---

२१ मार्च

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

नवा अ‍ॅम्प जरूर घ्या. दोन स्पीकरचाच घ्या, बावीस पायऱ्या लक्षात ठेवा. घेताना दुकानात गिटारवर नाही, बेसवरच वाजवून बघा, आणि सगळ्यात जाड तार मोकळी छेडा. त्या तारेला जो फडफडेल तो घेऊ नका. कुणातरी तरुण माणसाच्या कानाने निवडा.

एक सांगायचं राहतं. तीन वर्षं तू त्या पेटीपाशी उभी राहून लोकांचं ऐकून घेतलंस, आणि मामाची वस्तू म्हणून तोंडातून ब्र काढला नाहीस. मी इथे बसून चार माणसांत मिरवत होतो की भाची माझ्या हातच्या अ‍ॅम्पवर वाजवते. त्याची मला लाज वाटते. तुझी माफी मागायला हवी, ती या पत्रात समज.

जुना अ‍ॅम्प परत पाठवू नकोस. तिकडेच कुठेतरी टाकून दे.

तुझा,
मामा

---

२२ मार्च

चि. खारूताईस, अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी लिहिते आहे हे ह्यांना माहीत नाही. कालच्या पत्रात ह्यांनी काय लिहिलं ते मला दाखवलं नाही, म्हणजे खरी गोष्ट लिहिली नसणार.

गुरुवारपासून दुकान बंद आहे. दारावर पाटी लावली आहे की नवीन काम घेतलं जाणार नाही. टेबलावरचे दोन सेट जसेच्या तसे गिऱ्हाइकांना परत दिले. डिसेंबरात ज्या बाईंचा गिटारचा अ‍ॅम्प दुरुस्त केला होता त्यांच्या घरी स्वतः जाऊन सांगून आले, की तो दुसऱ्या कुणाकडून एकदा तपासून घ्या, माझ्या कानांचा भरवसा राहिला नाही. त्या बिचाऱ्या म्हणाल्या की तो उत्तम चालतोय. तर म्हणाले, तुम्हाला माझं मन मोडवत नाही.

मी रस्त्यापलीकडून ऐकलं होतं गं. खिडकीची काच थरथरत होती. पण माझं ऐकायला तयार नाहीत. तू काही बोललीस तर ऐकतील. तुझ्या शब्दापुढे त्यांना दुसऱ्या कुणाचा शब्द मोठा वाटत नाही, आणि आता तर स्वतःचे कानही नाहीत.

माया कर आणि लवकर लिही.

तुझी,
मामी

---

२९ मार्च

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र चारदा फाडलं. आता जसं होईल तसं लिहिते.

तुझा अ‍ॅम्प कधीच बिघडला नव्हता. मी व्हॉल्यूम एकवर ठेवते. कधी त्याच्याही खाली.

तीन वर्षांपूर्वी पहिल्या कार्यक्रमात एका गाण्यात सगळे थांबतात अशी जागा होती. मी थांबले नाही. अख्ख्या सभागृहात एकटा माझा सूर वाजला, तोही चुकीचा, आणि तुझा अ‍ॅम्प असल्यामुळे शेवटच्या रांगेपर्यंत गेला. लोक हसले. मास्तरांनी वळून बघितलं. पुढच्या सरावाला मी बटण एकवर आणलं, म्हटलं एकच दिवस. त्या दिवशी मास्तर म्हणाले की आता तू नेमकं वाजवायला लागलीस. मग ते बटण वर न्यायची हिंमतच झाली नाही. चुकले तरी कुणाला कळत नव्हतं. बरोबर वाजवलं तरी नाही.

नंतर बेस ऐकू येत नाही अशी ओरड सुरू झाली, तेव्हा कुणीतरी अ‍ॅम्पवर बोट ठेवलं आणि मी ते राहू दिलं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. मी तर अंगण दुरुस्तीला पाठवलं, आणि ज्याने ते जीव ओतून केलं त्यालाच म्हातारा ठरवलं. मामा, तुझ्या कानांना काही झालेलं नाही. मामीचं पत्र आलं तेव्हा मी दुकानात होते. एका आजोबांच्या काचा चुकीच्या घासल्या आणि मालकांना तब्येत बरी नाही असं सांगून घरी आले. तेही खोटंच.

काल शनिवार होता. आज सगळे नवा अ‍ॅम्प आणायला जाणार होते. मी बटण पाचवर नेलं आणि पहिलं गाणं तसंच वाजवलं. दुसऱ्या ओळीला मास्तरांचे हात थांबले. मग मी सगळं सांगितलं. मास्तरांनी फळ्यावरचा तक्ता पुसला आणि पुसून झाल्यावरही पुसतच राहिले. ड्रमवाल्याने ड्रमवरचं पांघरूण काढलं, घडी घातली, पिशवीत ठेवलं. एक वर्ष तो माझ्यासाठी हात आखडून वाजवत होता. त्याने रागावून काही बोलायला हवं होतं. त्याने फक्त विचारलं की पुढच्या शनिवारी येणार ना. मी हो म्हटलं. पण वर मान करून म्हणता आलं नाही.

दुकान उघड. पाटी काढ. मला माफ करू नकोस हवं तर, पण पाटी काढ. लोभ ठेव असं लिहायला आज तोंड नाही.

खारूताई

---

५ एप्रिल

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

पाटी काढली. डिसेंबरच्या बाईंकडे पुन्हा जाऊन आलो. त्यांना काय सांगावं ते सुचेना, शेवटी कान बरे झाले म्हटलं. त्यांनी चहा दिला. परत दिलेल्या दोन सेटांपैकी एक परत आला, दुसरा नाही आला.

मी रागावलो आहे हे तुला माहीत असावं. मामीच्या मते हा राग बुधवारपर्यंत टिकेल. मला वाटतं थोडा जास्त. कार्यक्रमाला आम्ही दोघं येतो आहोत. बटण पाचवर ठेव आणि सभागृहाच्या साउंडवाल्याला मागून वायर द्यायला विसरू नकोस. चुकलीस तर चुकलीस. मी चाळीस वर्षं वाजवणाऱ्यांच्या घोळक्यात काढली, न चुकणारा एकही भेटला नाही.

आता माझं एक. हे मामीलाही सांगितलेलं नाही. व्हॉल्यूमच्या बटणाच्या आत कार्बनची पट्टी असते, तिच्यावरून पत्र्याची छोटी जीभ फिरते. जिथे ती रोज फिरते तिथे पट्टी स्वच्छ राहते. जिथे कधी जातच नाही तिथे मळ साचतो आणि बटण फिरवलं की स्पीकरमधून खरखर येते. हे दुकानात नवा आलेला पोऱ्यासुद्धा पहिल्या आठवड्यात शिकतो. तुझा अ‍ॅम्प आला त्याच दिवशी मी बटण फिरवून पाहिलं. एकपर्यंत गुळगुळीत होतं. त्याच्या पुढे थेट दहापर्यंत खरखर.

मला ती स्वच्छ ऐकू आली, खारूताई. तुझं सातवर ठेवते असं लिहिलेलं पत्र शेजारीच टेबलावर होतं. मी आत औषधाचा फवारा मारला, बटण दहा-वीस वेळा फिरवलं, खरखर घालवली आणि नऊ दिवस दुसरीकडे दोष शोधत बसलो. आपली पोर आपल्याशी खोटं बोलते असं म्हणण्यापेक्षा आपले कान गेले म्हणणं मला सोपं गेलं.

माया ठेव असं धाकट्यांनी मोठ्यांना लिहायचं असतं. आज मीच तुला लिहितो.

तुझा,
मामा