चिकटलेली पानं

वरठी, ९ मार्च १९८६

प्रिय टेकचंददादा,

नमस्कार शेवटी लिहीन, जमला तर. आधी बातमी. विमा एजंटच्या लायसन्सची परीक्षा मी पास झाले. गुडघा चोळत बसण्यापेक्षा कर काहीतरी, असं म्हणून तूच आपलं जुनं पुस्तक पाठवलं होतंस.

त्या पुस्तकाबद्दलच लिहायचंय. मोटारसायकलच्या धड्याची आठ पानं कडेला जोडलेलीच होती, छापखान्यातून आली तशी. मी विळ्यानं कापली. दहा वर्षं तू गाड्यांचे विमे विकतोयस, आणि हा धडा उघडलासुद्धा नाहीस! गाइड पाठ करून सुटलास.

त्यात काय आहे ऐक. पहिला पक्ष गाडीचा मालक, दुसरा कंपनी, तिसरा रस्त्यावरचा माणूस. नुसत्या ‘थर्ड पार्टी’ विम्यात मागे बसलेली बाई कोणीच नाही. तिच्यासाठी वेगळा हप्ता भरावा लागतो. आणि आमच्या ओसरीवर चहा पीत तू काय म्हणालास? “बैस मांगं बिनघोर, शकुन. जवाई पयले, तू दुसरी, अन् तिसऱ्याचाबी विमा केला. आता कोन रायला?” सगळे हसले. मीही हसले.

मग फाटकाजवळ गिट्टीवर गाडी घसरली. यांना खरचटलं, माझा गुडघा गेला. कंपनीचं नकाराचं पत्र आलं, तेव्हा तू म्हणालास, कंपनीवाले असेच बदमाश असतात. तुझ्यावर विसंबून मी दोन वर्षं कंपनीला शिव्या घातल्या. मूर्ख मी! तू खोटं बोलला असतास तर एकदाच कडकडून भांडले असते. तू तर वाचलंच नव्हतंस.

परीक्षेत नेमका हाच प्रश्न आला. मागे बसणाऱ्याला भरपाई मिळते का? मी लिहिलं, नाही.

काल शेजारची धुरपता आली होती. सातवा महिना लागलाय, नवऱ्याच्या मागं बसून दवाखान्यात जाते. विम्याचं विचारलं, तर म्हणाली, “टेकचंदभाऊनं फुल करून देल्ला.” कागद मागवून पाहिला, तर नुसता ‘थर्ड पार्टी’. म्हणून हे पत्र. पुढच्या सोमवारपासून मी काठी टेकत तुझ्या एकेका गिऱ्हाइकाच्या दारी जाणार आहे. त्याआधी तू ये, आणि स्वतःच्या तोंडानं सांग की मी वाचलं नव्हतं. ती आठ पानं पाकिटात घातली आहेत. माझी पाठ झालीत.

नमस्कार राहिला. तू धुरपताच्या दारात उभा दिसलास की वाकून करीन, गुडघा वाकेल तेवढा.

तुझीच, अजून तरी,
शकुन