साडेदहा विती

११ जून
आणलीच! मी कपडे वाळत घालत होते आणि फाटकातून क्रेनचा ट्रक मागे मागे येतोय, त्यावर एक अख्खी कॅरव्हॅन, गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर. अख्खी म्हणजे काय, छप्पर मधोमध बसलेलं, काचा फुटलेल्या, आत उंदरांचा संसार. भंगारवाला जाताना मला म्हणतो, "वहिनी, आतली शेगडी मात्र नवीकोरी आहे हां!" जशी काही मीच मागवली होती.

हे शेडच्या दारात उभे. हसतायत. डोळ्यांपायी ट्रकचं लायसन्स गेल्यापासून दोन वर्षांत असे हसले नव्हते, म्हणून गप्प बसले. उद्या बोलणार आहे.

१२ जून
बोलले. चांगली अर्धी सकाळ बोलले. यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ही मोडायची. हिच्यातून एक छोटा डबा करायचा. दोघं झोपतील एवढाच. पुढून गोल, मागे निमुळता, थेंबासारखा. मागचं झाकण उचललं की स्वयंपाक. गाडीला जोडायचा आणि तळ्यावर जायचं."

तळं! लग्न झाल्यापासून ऐकतेय. घाट संपला की एक वळण, तिथे ट्रक लावायचा, चहा करायचा, खाली पाणी. पहाटे पाण्यावर धूर, पलीकडे झाडं, मधे कुणाची तरी एक होडी. "एकदा दाखवतो तुला." ट्रकमध्ये मला जागा नव्हती, घरात सासूबाई होत्या, मग लेक लहान होती, मग लेकीची परीक्षा होती. राहूनच गेलं.

म्हटलं, हौस आहे तर लॉजवर राहू की! तर म्हणाले, "नव्या खोलीत रात्री उठलो की भिंतीवर आपटतो गं. स्वतः बांधलेलं असलं की हाताला सगळं ठाऊक असतं."



मग विचारलं, "आणि चालवणार कोण?"

"तू."

२० जून
लेकीला फोनवर सांगितलं. ती आधी हसली, मग घाबरली. "आई, तू रस्ता ओलांडताना माझा हात धरतेस!" खरं आहे. या घरात येऊन इतकी वर्षं झाली, पण मुख्य रस्त्यापलीकडच्या दुकानात मी अजून एकटी गेलेले नाही. सगळीकडे यांनीच नेलं.

२ जुलै
डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. मधला डाग वाढलाय. कडेचं दिसत राहील, समोरचं जात जाणार. यांनी विचारलं, "किती दिवस?" डॉक्टर म्हणाले, काही महिने धरून चाला. परत येताना बसमध्ये हे एकदम खुशीत! "म्हणजे हिवाळ्याच्या आत डबा झाला पाहिजे." मी खिडकीबाहेर बघत बसले. रडायचं नव्हतं.

होऊ दे डबा. यांनी एकदा ते तळं परत बघितलं पाहिजे. बास. शिकते मी गाडी.

४ जुलै
मोडतोड चालू. अॅक्सल, चाकं, खालची चासी, म्हणजे लोखंडी सांगाडा, चांगली निघाली. दार एकच धड, दोन खिडक्या, अॅल्युमिनियमचे पत्रे, शेगडी, बाहुलीच्या घरात शोभेल असं सिंक. गाद्यांचा फोम फेकायला लावला. त्याचा वास मला मरेपर्यंत आठवेल.

९ जुलै
आज जो काही गोंधळ! दोन बाजूंच्या दोन प्लाय कापायच्या होत्या. डावी यांनी कापली, उजवी मला सांगितली. "लांबी साडेदहा विती," म्हणाले. मी मोजल्या साडेदहा विती, आखल्या, जिगसॉ चालवला. भीती वाटत होती पण सरळ कापलं! दोन्ही उभ्या केल्या तर माझी बाजू हातभर तोकडी. डबा बांधला असता तर तिरका चालला असता खेकड्यासारखा.

हे ओरडले, "साडेदहा सांगितल्या होत्या ना?" मी ओरडले, "साडेदहाच आहेत!" मग दोघांनी हात समोरासमोर धरले. यांचा पंजा केवढा, माझा केवढा! कुणाची वीत ते सांगायला नको? हसून हसून पोटात दुखायला लागलं. शेवटी कॅरव्हॅनच्या तळाचा एक तुकडा जोडला, वरून पत्र्याची पट्टी. दिसेल जोड. दिसू दे.

१० जुलै
पण टेप खिशात असताना विती कशाला? हे आत्ता लक्षात आलं. आकडे दिसत नाहीत यांना.

२३ जुलै
ड्रायव्हिंग शिकवणारी पोरगी माझ्या लेकीहून लहान. "काकू, क्लच सोडा. काकू, हळू! काकू, डोळे उघडा!" डोळे मिटले होते म्हणे मी. मला आठवत नाही.

घरी आल्यावर यांचा तास वेगळा. गाडी अंगणात उभी, बंद. हे शेजारी. "आता समोर म्हैस आली. काय करशील?" "हॉर्न." "म्हैस ऐकत नाही." "मग तुम्ही उतरा."

६ ऑगस्ट
पत्रे बसवतायत. पत्रा धरून ठेवायचे रिव्हेट यांच्या हातून वाकडेतिकडे पडतात, काही ठिकाणी भोकाच्या शेजारीच. पाणी आत शिरणार. बोलायची हिंमत झाली नाही. दुपारी हे झोपले तेव्हा शेडमध्ये गेले. ड्रिलने जुन्याचं डोकं उडवायचं, नवा घालायचा, बंदूक दाबायची. टक्! मजा येते खरं तर. एक अख्खी ओळ सरळ केली आणि हात धुऊन चहा ठेवला.

७ ऑगस्ट
आजही.

१९ ऑगस्ट
परीक्षेत नापास. चढावर गाडी मागे गेली आणि मी परीक्षकालाच म्हटलं, "अहो, धरा ना!" घरी येऊन सांगितलं तर हे हसले नाहीत. म्हणाले, "मी पहिल्यांदा ट्रक मागे घेतला तेव्हा मालकाची भिंत पाडली होती. पुन्हा जा." ही भिंत मला आजवर कधी सांगितली नव्हती!

८ सप्टेंबर
पास!! पास, पास, पास. परीक्षक तोच होता. उतरताना म्हणाला, "या वेळी धरायला नाही सांगितलंत." लेकीला फोन केला, ती रडायलाच लागली, वेडी.

मग एक गोष्ट केली. एकटीच गाडी काढली, मुख्य रस्त्यापलीकडच्या दुकानात गेले, बिस्किटांचा एक पुडा घेतला आणि परत आले. काही काम नव्हतं.

२५ सप्टेंबर
भांडण. असं भांडण गेल्या कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

डब्याचे मागचे दिवे जोडले. मी गाडीत बसून इंडिकेटर देणार, हे मागे उभं राहून सांगणार. डावा दिला. "बरोबर!" उजवा दिला. "बरोबर!" ब्रेक. "बरोबर!" सहज आरशात पाहिलं तर मागे शेडच्या दाराच्या काचेत डब्याची पाठ दिसत होती. डावा दिला की उजवा लुकलुकतोय. वायरींचे रंग कळले नसणार, आणि उन्हात दिवाही दिसला नसणार. पण मग "बरोबर" कशाला म्हणायचं? अंदाजपंचे?

उतरले आणि तोंड सोडलं. "मागून कोणी येऊन धडकला असता म्हणजे? दिसत नाही तर नाही म्हणा ना! लाज कसली वाटते माझ्यासमोर?" यांच्या हातात स्क्रूड्रायव्हर. मग म्हणाले, "आणि तू? दुपारी रिव्हेट बदलतेस ते सांगितलंस मला?"



"डोळे गेलेत, बोटं नाही. माझी ओळ आणि तुझी ओळ मला कळते. तुझी चांगली आहे. पण चोरून का? मला काय तू आता लहान मूल समजून चालणार?"

जेवण कोणी केलं नाही.

२६ सप्टेंबर
सकाळी हेच पुढे आले. शब्द घेतला माझ्याकडून. "मी विचारलं की जे दिसतंय ते सांगायचं. गोड करून नाही. मी खचेन म्हणून नाही. जसं आहे तसं. एवढं केलंस तर मी पुढचं सगळं निभावून नेईन." मी हो म्हटलं. शपथ घातली नाही यांनी, पण आवाज तसाच होता.

मग वायरी मी बदलल्या, यांनी सांगितल्या. आता बरोबर आहे. मी स्वतः पाहिलं.

११ ऑक्टोबर
डबा जोडून गाडी मागे घेणं म्हणजे शिक्षा आहे. डबा उजवीकडे न्यायचा तर स्टिअरिंग डावीकडे! कोणाच्या डोक्यातून निघालं हे? चार वेळा फाटकाला चाटून गेले. हे कुंपणाशी उभे राहून नुसत्या आवाजावर सांगतात. "आता सोड. थोडं. सरळ कर. दगडावर चाक चढलंय, ऐकू येतंय का?" यांना ऐकू येतं, मला नाही. अजून.

२९ ऑक्टोबर
आत गादी बसवली, पडदे लावले. दोघं आत आडवे होऊन पाहिलं. पाय पुरतात. यांनी पडल्या पडल्या हात फिरवला. इथे दिवा, इथे पाणी, इथे दाराची कडी, इथे तू. "झालं," म्हणाले. "उठायचीसुद्धा गरज नाही."

माझ्याकडे बघताना आता मान जरा तिरकी करतात. म्हणजे कडेने दिसावं म्हणून. मी विचारलं, "दिसते का मी?" म्हणाले, "केस दिसतात. पिकलेत." मेलं, एवढंच बरं दिसतं!

१२ नोव्हेंबर
निघालो. मी चालवतेय! मागे डबा. आरशात जोडाची पट्टी चमकते. दिवसभर ट्रकवाले हॉर्न मारून मारून मागे लागले, हे खिडकीतून हात काढून त्यांना सलाम करत होते. एक तर ओळखीचा निघाला, थांबला, मला बघून म्हणाला, "वहिनी चालवतायत? मग उस्ताद, तुम्ही काय करता?" हे म्हणाले, "मी झोपतो. आयुष्यभर ही झोपली, मी चालवलं." झोपली म्हणे! दोन्ही घरची आजारपणं काय यांनी काढली? पण हसू आलं.

मुक्कामाला डबा एका ढाब्यामागे लावला. मागे घेताना एकदाही चुकले नाही. कोणी बघत नव्हतं, काय उपयोग!

१४ नोव्हेंबर, सकाळ
घाट संपला. वळण आहे. दगडी कठडा आहे. गाडी लावायला जागा आहे, सगळं यांनी सांगितलं तसंच.

खाली तळं नाही.

गोदामं आहेत. निळ्या पत्र्यांची, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मधून डांबरी रस्ते आणि ट्रक. पाण्याचा थेंब नाही. हे उतरले, हाताने कठडा शोधला, त्यावर हात टेकून तोंड खाली करून उभे राहिले. मान तिरकी केली, या बाजूला, त्या बाजूला. मग म्हणाले, "उन्हात काही कळत नाही गं. सांग ना. कसं दिसतंय?"

मी म्हटलं, "चहा ठेवते, मग निवांत सांगते." आणि डब्यामागे आले. झाकण उचलून शेगडी पेटवलीय आणि हे लिहितेय. चहा केव्हाच उकळला. एक वाक्य खोटं बोलले तर काय बिघडणार आहे? धूर आहे, झाडं आहेत, होडी आहे. ऐकून ऐकून तोंडपाठ आहे मला. एवढ्यासाठी केलं ना सगळं? एवढा माणूस, एवढे महिने, विती मोजून मोजून, आणि मी सांगू का यांना की गोदामं आहेत?

पण शब्द दिलाय. मागून हाक आली. "अगं, आटला असेल आता."

१४ नोव्हेंबर, नंतर
सांगितलं. जसं आहे तसं.

हे म्हणाले, "माहीत आहे. माझ्या डोळ्यांदेखत भरलं ते. नोकरीच्या शेवटच्या वर्षी मातीचे ट्रक रोज इथे रिकामे व्हायचे."

 मग कशाला? हा सगळा खटाटोप कशाला?

"नुसतं गाडी शीक म्हटलं असतं तर शिकली असतीस? मी आंधळा होणार, आणि तू माझ्या शेजारी त्या घरात बसून राहणार. मला ते बघवत नव्हतं. माझ्यासाठी म्हटलं की तू काहीही करतेस, म्हणून माझ्यासाठी म्हटलं."

मला म्हणे खोटं बोलू नकोस! वाट्टेल ते बोलले यांना. सगळं घाटात घुमलं. मग रडले, कठड्यावर बसून, भरपूर. हे पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

आता गाडी सुरू केलीय, तोंड घराकडे नाही. हे शेजारी बसून विचारतायत कुठे, कुठे. मी अजून सांगितलेलं नाही.