मामांचा कोट आणि माझी कायम नोकरी

तीर्थरूप मामांना त्यांच्या सगळ्यात लाडक्या (मामी काहीही म्हणोत) भाच्याचा साष्टांग नमस्कार. गुडघा काय म्हणतोय? मी मजेत आहे, आणि आधी गोड बातमी: मी कायम झालो! इतकी वर्षं डोक्यावर टांगती तलवार होती, ती एकदाची गेली. काल कितीतरी दिवसांनी घोरत झोपलो (बायकोची तक्रार आहे).

आमच्या कारखान्यात जंतू पाळतात हे कळल्यापासून मी उठलो की मामी खुर्ची पुसतात. पण त्यांना सांगा, आमचे जंतू गरीब आहेत. टाकीत त्यांना साखरपाणी, सोयाबीनचं पीठ, ऊब आणि हवा द्यायची, की ते अंड्याचे, रक्ताचे डाग खाणारं एन्झाइम बनवतात; ते धुण्याच्या पावडरीत जातं. नखरे मात्र फार. हवा जरा जास्त झाली की फेस!

मला ठेवायचं की घालवायचं हे ठरवायला साहेब आले, नेमकी तेव्हाच हवा जास्त सुटली. मी तुमचा लग्नातला लोकरी कोट घालून (तुम्ही "जपून वापर रे बाबा" म्हणत दिलेला) अदबीने उभा, आणि टाकी दुधासारखी उतू गेली. साहेब दाराबाहेर पळाले, प्रयोगशाळेतल्या बाई किंचाळल्या. मी फेसात घुसून हवेचा कॉक पिळला, फेस मारायचं तेल सोडलं. माल वाचला. साहेब म्हणाले, "हाच माणूस हवा." मला रडूच फुटलं, पण तोंडभर फेस असल्यामुळे कुणाला दिसलं नाही. ओला कोट पिशवीत गुंडाळून बॉयलरशेजारी ठेवला आणि आनंदाच्या भरात दोन दिवस विसरलो.

असो. तुमचा आशीर्वाद आणि तुमचा कोट, दोन्ही कामी आले. मामींना नमस्कार.

तुमचा (आता कायम) भाचा

ता. क. कोटाबद्दल. बाई म्हणतात, अंडं काय नि लोकर काय, आमच्या एन्झाइमला दोन्ही सारखंच; त्यात बॉयलरची ऊब! बटणं आणि अस्तर शाबूत आहेत. बाकी चाळणी. मामा, तुमचा त्या कोटावर किती जीव होता, मला फार वाईट वाटतंय. साहेब मात्र खूश. माल कडक उतरल्याचा पुरावा म्हणून एक बाही त्यांनी काचेच्या कपाटात लावलीय.

ता. क. २. सोमवारी नव्याने कायम झालेल्यांना मोठे साहेब भेटणार आहेत. तुमचा तो दुसरा, सुती कोट पाठवाल का?

ता. क. ३. सुती नको! आत्ताच कळलं, सोमवारपासून माझी बदली पलीकडच्या टाकीवर. तिथली बुरशी जीन्स मऊ करायला सूत खाणारं एन्झाइम बनवते. मामींचा प्लॅस्टिकचा रेनकोट मोकळा आहे का?