कुंभारणीचा मुलगा घरी आला का?

प्रिय आई,

काल घरी सत्यनारायण झाला. तू गेल्यानंतरचा पहिलाच. वर्ष सरलं म्हणून विलासने घातला, आणि चौरंग मांडायच्या आधीच गुरुजींना म्हणाला, "जरा थोडक्यात घ्या, मला दुपारी बाहेर जायचंय." गुरुजींनीही ते मनावर घेतलं. मी शिऱ्याखालचा गॅस बंद करून येईपर्यंत पाचही अध्याय उरकले होते.

आरतीची घंटा वाजली आणि नेहमीसारखी गल्ली आत आली. द्रोण फिरले. "तिसऱ्या अध्यायात काय झालं ते सांग, मग शिरा," असं दारात बसून विचारणारं कोणी नव्हतं. शेजारच्या अलकामावशी म्हणाल्याच, "तुझी आई असती तर आज मी उपाशी गेले असते." सगळे हसले. मीही हसले, पण आतून फार दमल्यासारखं झालं. संध्याकाळी भांडी तशीच ठेवून तुझा टॅबलेट उघडला. जे झालं ते तुझ्याशिवाय कोणाला सांगणार? म्हणून हे पत्र.

त्यातला तो गेम मीच घालून दिला होता ना तुला? सलाइन चढताना वेळ जावा म्हणून. विलास कॉलेजपासून खेळतो तोच. कुठकुठली माणसं आपापलं पात्र घेऊन एकाच वेळी त्यात हिंडतात, लढतात, कथा पुढे नेतात. मला वाटलं, दोन दिवसांत कंटाळशील. मखमलाबादच्या मळ्यात जन्म काढलेली बाई तलवार घेऊन काय करणार?

तू तलवार बाहेर काढलीच नाहीस. पहिल्याच गावात वैद्याने फुलं आणायला सांगितली. मी झुडूप ओरबाडायला लागले तशी माझ्या हातावर चापट बसली. "सगळी नको तोडू गं मने. कळ्या ठेव. उद्या काय तोडशील?" आई, गेममधली फुलं क्षणात परत येतात, किती वेळा सांगितलं तुला! "असं कुठं असतं व्हय?" म्हणायचीस आणि प्रत्येक झुडपावर थोडी शिल्लक ठेवायला लावायचीस. बरं, ती फुलं तिथल्या दुकानदारालाही द्यायची नाहीस. "या भावात मी भर पावसातबी झेंडू दिला नाय." तुझी पिशवी अजून गच्च भरलेली आहे.

मग भेटली ती कुंभारीण. मुलगा लढाईला गेला तो परत आला नाही, एवढं सांगून ती पुन्हा चाक फिरवायला लागली. त्या दिवसापासून तुझ्यासाठी गेम म्हणजे तिचा मुलगा. डोंगर, बाजार, बंदरं, भेटेल त्याला विचारत सुटायचं. सगळं इंग्रजीत. मी वाचायचे, मराठीत सांगायचे. मधलं एखादं वाक्य गाळलं की तुला बरोब्बर कळायचं. "एवढा वेळ त्याचं तोंड हाललं, अन् तू एवढुसंच सांगती?"

दमायचे गं मी. ऑफिस सुटलं की हॉस्पिटल, आणि तिथे त्या गावगप्पा.

डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावलं, त्यानंतर जिन्यात विलास म्हणाला, "ताई, मागची कथा स्किप करता येते. थेट शेवटच्या भागात जाता येतं. आईला शेवट तरी बघू दे." त्याचं काय चुकलं होतं? त्याच्या मित्रांत कोणी नवा आला की तो मागच्या कथेतच अडकून पडतो आणि बाकीचे पुढे निघून जातात. अशांना उडी मारू द्यावी, हे मला आजही पटतं. मी तुला विचारलं.

"अन् मधलं?"

"मधलं एका पानात लिहून देतात."

तू उशीवरची मान भिंतीकडे वळवलीस. "मग नको. कथा न ऐकता प्रसादाला बसणारी मी नाय."

वेळ किती थोडा आहे, हे तुला कळलं नव्हतं का? मला वाटतं, कळलं होतं. मग का नाही ऐकलंस? बंदरावर पोचलो त्या दिवशी म्हणालीस, "उद्या त्या नावाड्याला विचारू." तो उद्या काही आला नाही. मला याचा राग येतो तुझा, अजून येतो.

काल त्याच रागात बसले. तुझ्या पात्राला हात लावला नाही. माझं नवं केलं आणि स्किप घेतलं. मधल्या कथेचं पान आलं, तेही न वाचता पुढे सारलं. पोचले शेवटच्या गावात. समोर कुंभारीण. मला बघताच चाक सोडून धावत आली. म्हणाली, "माझ्यासाठी केवढी वणवण केलीस बाई. हे मी विसरायची नाही."

कसली वणवण? स्किप घेतलं की मधलं सगळं आपणच केलं असं गेम धरून चालतो. मी तर आत्ता आले होते. उपकार तुझे, आणि आभार माझ्या पदरात! पुढे तिने मुलाचं काय झालं तेही सांगितलं. मी वाचलं. कुण्या परक्याची बातमी पेपरात वाचावी तसं. जिच्यासाठी तू दुखणं विसरून बसायचीस, तिचं ऐकून मला काहीच वाटलं नाही. आणि मग रडू आलं ते त्याचंच.

विलास आत डोकावला. "कळला ना शेवट? झालं तर मग. आईचं पात्र काढून टाकतो, टॅबलेट पोरीला अभ्यासाला होईल."

"राहू दे," मी म्हटलं. "तिचं अर्धंच झालंय."

तो दिवा लावून गेला. मी माझं नवं पात्र पुसून टाकलं आणि तुझं उघडलं. तू बंदरावरच होतीस, फुलांची पिशवी घेऊन.

आता रोज ऑफिसहून आल्यावर थोडं थोडं पुढे जाईन. दमले असले तरी मोठ्याने वाचीन, मराठीत सांगेन, एकही वाक्य गाळणार नाही. कळ्या ठेवीन. कुंभारणीच्या मुलाचं काय झालं ते मला ठाऊक आहे आई, पण इथे लिहिणार नाही. ते तुला तुझ्या पायांनी पोचल्यावरच कळेल. नावाड्याला आज विचारलं. तो म्हणाला, बस नावेत.

तुझी,
मनी